पानी आयलंय

जयदेव तांडेलने टिफिनच्या पिशवीतून ते पुस्तक काढलं तेव्हा माझी नजर ब्युरेटच्या काचेवरच्या आकड्यांवर होती, म्हणून मी आधी रीडिंग लिहिलं आणि मग बघितलं.

“चुलतभाऊ परदेशी बोटीवर असतो ना, त्याने आणलं,” तो म्हणाला. “बघ. पण हात धुऊन.”

तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघं होतो. मी केमिस्ट्रीची नवी पदवीधर, तो माझ्याआधी तीन वर्षांपासून असलेला लॅब असिस्टंट, वाशीगावातला कोळी. हात धुऊन मी पुस्तक उघडलं. चित्रकथाच होती, पण काळी-पांढरी, खरखरीत कागदावर. उडणारा माणूस नाही, राजकन्या नाही. आठ पानं एक जाडा माणूस भाड्याच्या खोलीत भांडी घासत, मोडक्या इंग्रजीत स्वतःशी पुटपुटत होता. नवव्या पानावर त्याने नळ बंद केला. एवढंच. मी परत पहिल्या पानावर गेले, कारण नळ बंद झाल्यावर खोली किती शांत झाली ते मला ऐकू आलं होतं. कागदावरचा आवाज बंद कसा होतो, हे मला समजेना.

शेवटच्या पानावर चित्रकाराचं नाव होतं आणि खाली घरचा पत्ता.

“कंपनी कुठली?”

“कंपनी नाहीच. माणूस आहे. त्यानेच काढलं, त्यानेच छापलं.” जयदेवने पुस्तक पिशवीत ठेवलं. “आपण पण काढू या. गोष्ट आहे माझ्याकडे.”

गोष्ट त्याच्या आत्याची, पुतळाबाईची होती. खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हाची. एक मोजणीसाहेब साखळी आणि वही घेऊन किनाऱ्यावर आला आणि ओहोटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. गमबूट चिखलात, पाय गमबुटांत, आणि भरती लागलेली. साहेब बूट सोडायला तयार नाही, कारण बूट सरकारी. तेव्हा पुतळाबाई फळी घेऊन आली आणि त्याला म्हणाली, “सायबा, पानी आयलंय. बूट सोर, पाय वाचव.” हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. एखादा नको त्या गोष्टीला चिकटून बसला की म्हणायचे, बूट सोर.

चार महिने लागले. सोळा पानं. प्रेस परवडणार नव्हती म्हणून सायक्लोस्टाइल. आमच्या सेक्टरमध्ये श्यामसुंदर यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, ते रविवारी मशीन देणार होते. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने रेघ ओढायची, तिथलं मेण जातं, तिथून शाई उतरते. काळा भाग भरता येत नाही, स्टेन्सिल फाटतं. त्यामुळे सगळा चिखल जयदेवने नुसत्या बारीक रेघांनी काढला आणि तो चिखल इतका चिकट दिसायचा की मी बोटं साडीला पुसायचे.

आमच्याही नवव्या पानावर सहा चौकटी होत्या आणि एकही शब्द नव्हता. साहेब, बूट, चिखलात मुळांवर उभी तिवराची झाडं, पाणी, आणि मागे किनाऱ्यावर पुतळाबाई.

“इथे वेळ लिही,” मी म्हटलं. “किती मिनिटं गेली कसं कळणार?”

“कळेल.”

“कशावरून?”

“मॅडम, तुमची ब्युरेट नाही ही.”

अक्षर माझं चांगलं, बाटल्यांवर लेबलं लिहून आणखी घोटीव झालेलं, म्हणून पात्रांच्या तोंडचे फुगे मी लिहिले. लिहिता लिहिता शुद्धलेखनही तपासलं. जयदेवच्या मसुद्यात ‘ण’ जवळजवळ नव्हताच. ‘हाय’चं मी ‘आहे’ केलं, ‘पानी’चं ‘पाणी’. चौसष्ट दुरुस्त्या झाल्या. जयदेवने त्या बघितल्या आणि पुढचं स्टेन्सिल माझ्यासमोर सरकवलं.

एक अट मात्र त्याने पहिल्यापासून घातली होती. आत्येने हो म्हटलं तर छापायचं. नाही म्हटलं तर स्टेन्सिलं फाडून टाकायची.

“चार महिन्यांचं काम?” मी विचारलं.

“तोंड तिचं आहे,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी श्यामसुंदर यांनी एक नमुना प्रत काढून दिली, आणि ती घेऊन आम्ही वाशीगावात गेलो. पुतळाबाई ओट्यावर सूप घेऊन जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. तिला अक्षरओळख नव्हती. जयदेव वाचून दाखवायला पुढे सरकला तर तिने प्रत त्याच्या हातून काढूनच घेतली.

“थांब. मना बघू दे.”

ती एकेक पान बघत गेली. स्वतःला तिने लगेच ओळखलं, आणि मोजणीसाहेबाचं नाक बघून म्हणाली, “हा, अस्साच व्हता मेला.” नवव्या पानावर ती थांबली. बोट एकेका चौकटीवरून फिरलं.

“हितं तिवराचे पाय उघडे. हितं अर्धे बुडाले. हितं दिसतच नाय.” तिने माझ्याकडे बघितलं. “पाऊन तास झाला की ग, बाय. नि हा अजून बूट धरून!”

मी जयदेवकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघतोय हे न बघताच कळत होतं.

मग तिने तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. “नि हितं मी हसलेली.”

“ते काढलं नाय मी, आत्ये.”

“काढलं नाय. पन दिसतंय ना.”

त्या पट्टीत काहीही नव्हतं. अर्धा सेंटिमीटर कोरा कागद. पण मी परत बघितलं आणि चौथ्या चौकटीत पुतळाबाईचा पदर तोंडावर होता. मी हे पान निदान तीस वेळा पाहिलं होतं, आणि पदर आत्ता पाहिला.

“आता वाच,” ती खुशीत म्हणाली. “मी काय बोलतंय ते आयकू दे.”

जयदेवने प्रत माझ्याकडे दिली. अक्षर माझं होतं ना. मी वाचलं, “साहेब, पाणी आले आहे. बूट सोडा, पाय वाचवा.”

पुतळाबाईने जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं.

“ही कोन?”

“तुम्हीच, मावशी.”

“मी? मी त्याला आहो-जाहो केलं? गुडघाभर चिखलात सायब कसला नि अहो कसला? ही तर शालेतली मास्तरीन बोलतंय.” ती जयदेवकडे वळली. “रे, चित्रात मी हाय नि तोंडात दुसरीच बाई कोंबलीस. बाजारात बाया काय म्हनतील? पुतळीनं दात बसवले?”

“आत्ये, छापायचं म्हणजे तसंच लिहितात,” जयदेव हळू म्हणाला.

“कोन लिवतात? तू दाखवलंस त्या बोटीवरच्या बुकातला मानूस, भांडी घासनारा, तो असा बोलतो?”

जयदेवने माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं. तो भांडी घासणारा माणूस व्याकरण मोडूनच बोलत होता, आणि लॅबमध्ये मी त्याबद्दल कौतुकाने दहा मिनिटं भाषण दिलं होतं.

“चूक माझी आहे, मावशी,” मी म्हटलं. “मी बदललं.”

“मग परत बदल. उद्या सकाली आन. आयकीन, मग सांगीन छापायचं का नाय.”

चुकलेल्या स्टेन्सिलवर लावायला नेलपॉलिशसारखा लाल द्राव मिळतो. लावायचा, फुंकर घालायची, वाळला की वर नव्याने लिहायचं. एका जागी एकदाच. दुसऱ्यांदा लेखणी फिरवली की भोक पडतं. शनिवारी दुपारभर आमच्या गॅलरीत बसून मी चौसष्ट दुरुस्त्या उलट्या केल्या. आईने दोनदा विचारलं, एवढं काय फुंकतेस. ‘ण’वर लाल थेंब, फुंकर, ‘न’. ‘ण’वर लाल थेंब, फुंकर, ‘न’. बाटली संपत आली तेव्हा काम संपलं. हात आपोआप चालू लागला होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता, या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेत धोक्याच्या असतात.

रविवारी सकाळी दुसरी नमुना प्रत घेऊन आम्ही परत त्या ओट्यावर. श्यामसुंदर मशीनला शाई घालून वाट बघत होते. मी वाचायला लागले. “सायबा, पानी आयलंय. बूट सोर, पाय वाचव.” पुतळाबाईने मान हलवली. शेजारच्या चांगुणाबाई आपलं सूप घेऊन येऊन बसल्या. पान उलटत गेलं, हसू वाढत गेलं, जयदेवचे ताठलेले खांदे सैल झाले.

शेवटचं पान. साहेब अनवाणी, चिखलाने माखलेला, पुतळाबाईच्या ओट्यावर बसलेला. त्याच्या फुग्यावर माझी नजर गेली आणि माझा आवाज थांबला.

‘थोडं पानी मिळेल का?’

साहेबाचं ते वाक्य जयदेवने मसुद्यातच शुद्ध लिहिलं होतं, कारण साहेब पुण्याचा होता. त्याला हात लावायचा नव्हता. चालत्या हाताने मी त्याचाही ‘ण’ काढला होता. पासष्टावा. त्या जागी परत लेखणी फिरवता येणार नव्हती.

वाचताना नुसतं ‘पाणी’ म्हटलं असतं तर तिला कळलंही नसतं. तिला अक्षर येत नव्हतं. जयदेवलाही ते दिसलं होतं. पण कालच मी हिच्या तोंडात दुसरी बाई कोंबली होती. आज साहेबाच्या तोंडात दुसरा साहेब कोंबलाय, हे लपवू कसं?

“इथे एक चूक आहे, मावशी,” मी म्हटलं. “साहेब पण ‘पानी’ म्हणतोय. ‘थोडं पानी मिळेल का?’ माझ्या हातून झालं, आणि आता सुधारता येत नाही.”

 चांगुणाबाईंच्या मांडीवर पुतळाबाईने एवढ्या जोराची थाप मारली की सूप हललं.

“पाऊन तास चिखलात होता मेला! शिकला!”

चांगुणाबाई डोळे पुसायला लागल्या. पुतळाबाईने ते पान हातात धरून साहेबाकडे नीट बघितलं, आधी दिलं नव्हतं एवढं लक्ष देऊन.

“यालाच हात लावू नको, बाय,” ती म्हणाली. “जा. छापा.”

शंभर प्रती काढल्या. त्यातली एक आमच्या सोसायटीतल्या निवृत्त हेडमास्तर अरविंदकाकांना दिली. आठवड्याने त्यांनी ती लाल पेनाने तपासून परत पाठवली, मागच्या कव्हरवर अशुद्ध शब्दांची एकूण संख्या लिहून. पासष्ट.

मी त्या चुका मोजून पाहिल्या. बरोबर होत्या.