सवण्यावरचा पदर

“इस्तू विझू देऊ नको,” आत्या दाराबाहेरून म्हणाली. “उद्या पाचवी. आजचा दिस कळ काढा.”

माय बाजेखाली वाकून शेगडीतली राख सारत होती. तिच्या हनुवटीवरून घाम टपकला आणि निखाऱ्यावर चुर्र झालं.

“वन्सं, पोरीचं अंग बघा की. तव्यावानी झालंय.”

“बाळंतिणीचं अंग ऊनच पायजे. चार बाळंतपणं काढली म्यां. तुला एकाचंच काय ते ठावं.”

मी मायची एकुलती एक. त्या बोलण्याला तिने आयुष्यभर उत्तर दिलं नव्हतं. आताही ती राख सारत राहिली.

माझी मुलगी जन्मली तेव्हा बाहेर गारा पडत होत्या. चैत्र सरत आला होता, तरी कितीतरी दिवस आभाळ उघडलं नव्हतं. सिंदफणा नदीला श्रावणासारखं गढूळ पाणी आलं होतं आणि माणसं घोंगड्या पांघरून ओसरीवर बसत होती. मुलगी जन्मली ती निळसर, न रडणारी. आत्याने तिला पोटाशी धरलं, विस्तवापाशी बसून तिचे तळवे शेकले, नाकात फुंकर घातली, आणि ती रडली. त्याच गारठ्यात खालच्या आळीतल्या रुक्मिणीबाईंचं तान्हं गेलं. तेव्हा आत्या विस्तवासाठी भांडत होती ते उगीच नव्हतं.

पाचवीची पूजा होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव विझू द्यायचा नाही आणि दार उघडं टाकायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. बाहेरचा वारा आणि बाहेरची नजर, दोन्ही आत यायला नकोत. मायचाही त्यावर पुरता विश्वास होता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे गावाने तिला रिवाज मोडणारी ठरवलं.

त्या दिवशी सकाळी आभाळ एकदम निवळलं आणि ऊन पडलं. अंगांना अजून गारव्याची सवय होती. आदल्या दिवशी कुडकुडणारी जनावरं गोठ्यात धापा टाकू लागली. ओल्या गल्लीतून वाफ निघत होती. आमच्या खोलीच्या भिंती बाहेरून भिजलेल्या आणि आतून विस्तवाने भाजलेल्या होत्या. निम्मी खोली ज्वारीच्या कणगीने अडवलेली, त्यामुळे बाज तसूभर हलवायला जागा नव्हती. वर सवणं होतं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला धाब्याच्या सपाट मातीच्या छतात ठेवलेलं भोक. पण पाऊस लागला तेव्हा बाबांनी त्यावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकलं होतं. बाबा घरी नव्हते. कुणा अंमलदाराच्या दौऱ्यासाठी त्यांना गाडीबैलांसकट माजलगावकडे वेठीला नेलं होतं.

माझं दूध अजून उतरलं नव्हतं, बाळ गूळपाण्याच्या बोळ्यावर होतं. दुपार होता होता त्याचं रडणं थांबलं. तोंड उघडं, पोट भराभर खालीवर. मी मायचा हात धरला.

“माय, हिला काहीतरी होतंय.”

तिने बाळाच्या टाळूवर हात ठेवला. मग काही न बोलता उठली, दार जेमतेम अंगापुरतं उघडून बाहेर गेली आणि मागे लोटून घेतलं. पुढचं मी फक्त ऐकलं.

“कुठं निघालीस?”

“धाब्यावर.”

“ह्या उन्हात? कावून?”

“सवणं उघडते. इस्तू विझवत न्हाई, दार उघडत न्हाई. वरून आला वारा तर त्याला कुणी आवतण दिलं न्हाई.”

“वकीलच झालीस की गं वच्छे!”

शिडी करकरली. डोक्यावर पावलं वाजली, वरून मातीचे खडे गळले, दगड सरकला आणि खोलीत उजेडाचा खांब उभा राहिला. कोंडलेला धूर त्यातून वर निघाला. मी छातीभरून श्वास घेतला. भोकात मायचं तोंड आलं.

“सत्ये, दिसते का मी?”

“दिसतीस. काळीकुट्ट दिसतीस.”

“हायेच काळी. तुझ्या बापानं दिव्याच्या उजेडात पसंत केलती.”

मी हसले. पण तो उजेड थेट बाळाच्या तोंडावर पडत होता. मी हाताचा आडोसा केला, तर हात भाजायला लागला. मायने खालून घोंगडी आणि पाण्याची घागर वर नेली आणि घोंगडी सवण्यावर पसरली. वारा अडला, धूर पुन्हा खाली बसला आणि बाळ ठसकलं. तिने घोंगडी ओढून अंगणात टाकून दिली. पातळ कापड हवं होतं. बाळंतिणीच्या खोलीतलं काही पाचवीआधी बाहेर न्यायचं नव्हतं, आणि आत्याकडे मागायची सोय नव्हती. मायची लुगडी दोनच, त्यातलं एक बाळाच्या दुपट्यांसाठी फाडलेलं आणि दुसरं तिच्या अंगावर.

वर घागरीतलं पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग सवण्यावर हिरवा ओला पदर आला. ऊन अडलं, वारा गाळून खाली यायला लागला. खोली हिरवट झाली. पदराच्या काठावरून एक थेंब बाळाच्या कपाळावर पडला आणि तिने ओठ हलवले.

“लागतोय का गार?”

“लागतोय. माय, तुझ्या डोक्यावर काय?”

“डोक्यावर डोकं.”

माझ्या आईचा भांग मी कधी उघड्यावर पाहिला नव्हता. विहिरीवर, शेतात, देवळात, अगदी जेवतानाही तिचा पदर कपाळावर असे. वाऱ्याने उडाला तर आधी ती पदर सावरी, मग घागर. तीच बाई आता भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत, धाब्यावर डोकं उघडं टाकून बसली होती.

शेजारच्या धाब्यावर पावसाने भिजलेली डाळ वाळत घातली होती. ती बघायला भामाबाई आल्या असाव्यात.

“अगं वच्छले! आसं डोकं टाकून काय बसलीस? लाज कुठं ठिवली?”

“सवण्यावर हातरलीय, भामाबाई. वाळली की नेसते.”

भामाबाईंच्या हातातलं सूप वाजायला लागलं. पण खाली आत्या भडकली. “वच्छे, उतर! पलीकडच्या बंकटचे गडी मान वर करकरून बघत्यात!”

“बघू द्या वन्सं. खाली बघून तरी त्यांनी काय दिवे लावलेत?”

आणि ती मोठ्याने हसली. सासरच्या घरात माय मोठ्याने हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आत्याही ऐकत राहिली असावी.

पदर वाळला की पाणी ओतल्याचा आवाज यायचा. मध्येच ती विचारायची, “श्वास कसा हाय?” मी सांगायची, “संथ.” मग म्हणायची, “तुजी बुकं काय म्हणत्यात, एवढं ऊन कुठून येतं?” मी काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, “आसंल बाई. तू झोप.” बाळ झोपलं होतं. माझेही डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप कणगीवर चढली होती. आता ती आमच्यावर येत नव्हती. पदर जागच्या जागी होता, पण कोरडा. त्याच्या एका कडेला तिच्या हाताची पाच बोटं टेकलेली दिसत होती.

“माय, उतर आता. ऊन सरलं.”

वर काही हललं नाही.

“माय, पाणी संपलं का?”

मग मी आत्याला हाक मारली. ती हाक कशी होती ते मला आठवत नाही, पण गुडघ्यांनी अधू झालेली, कित्येक वर्षांत शिडीला हात न लावलेली मंजुळाआत्या धाब्यावर चढली. वरून तिचा आवाज आला, “वच्छे.” जरा थांबून, “वच्छे, उठ की गं.” आणि मग ज्या नावाने तिने भावजयीला कधीच पुकारलं नव्हतं त्या नावाने, “वच्छलाबाई!”

बंकटच्या गड्यांनीच तिला खाली उतरवलं. ओसरीवर ठेवलं. माझ्या बाजेत आणि तिच्यात एक भिंत होती. कांदा ठेचल्याचा वास आला. ओली फडकी पिळल्याचा आवाज आला. कुणी म्हणालं, कैरी भाजा. कुणी म्हणालं, तळवे चोळा. मी उठायला गेले आणि मला बाजेची कड धरवली नाही.

“आत्या, दार उघड. मला बघू दे.”

“थांब पोरी. पाच मिनटं थांब. शुद्ध येतीय तिला.”

शुद्ध आली असेल किंवा नसेल. मला तिचे शब्द ऐकू आले, बारीक आणि घाईचे, जसं कुणी पाहुणा दाराशी आल्यावर ती बोलत असे. “माजा पदर. आगं माणसं हायती. पदर द्या कुणीतरी.”

“दिला गं, दिला,” आत्या म्हणत होती. “हा बघ, डोक्यावरच हाय.”

त्यानंतर मायचा आवाज आला नाही.

बाबांची गाडी आली तेव्हा उजेड होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज दाराशी थांबला आणि बराच वेळ कुणी बैल सोडले नाहीत. मग माणसं जमली. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नव्हता. मला ओलांडताही आला नसता. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, तिची ओटी भरली, ते मी पाण्याच्या आणि बांगड्यांच्या आवाजावरून ओळखलं. बाबा एकदा दारापाशी आले. म्हणाले, “सत्यभामा, बाळ कसं हाय?” मी म्हणाले, “बरं आहे.” ते म्हणाले, “बरं.” आणि सगळी पावलं नदीच्या वाटेने गेली.

घर रिकामं झालं. बाळ चुळबुळायला लागलं. माझी चोळी ओली झाली होती, मला वाटलं घामाने. तिला जवळ घेतलं तर तिने तोंड लावलं, एकदा सोडलं, पुन्हा लावलं, आणि घुटके गिळल्याचा आवाज यायला लागला. एवढ्या दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी घाईने, आनंदाने हाक मारली,

“माय, दूध आलं गं!”

बोलून गेल्यावर माझं मला कळलं. मी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. दाराबाहेर कुणी आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

“ओ,” आत्याचा आवाज आला. ती उंबऱ्याला टेकून बसली असावी. तिने नाक पुसलं, घसा साफ केला. मग हळूच म्हणाली, “दुसऱ्या अंगालाबी घे तिला, बाई.”