खाऱ्याचे बोये

"ताई, तुमच्या लोकांना आधीच बजावून ठेव, मी बोलायला उभा राहिलो की हुर्यो उडवायची नाही," खाऱ्या म्हणाला आणि डब्यातलं शेवटचं उकडलेलं अंडं त्याने बिनदिक्कत उचललं.

"ते माझं होतं."

"म्हणून तर चव लागतेय."

बस सभागृहाकडे निघाली होती. एका बाकावर बसून एक डबा खाणारी ही बहीणभावंडं तिथे पोचल्यावर समोरासमोरच्या बाजूंना बसणार होती. सरकारची थैली एक आणि हात पसरणारे दोघे. एकाला दूरच्या ग्रहाकडे यान धाडायचं होतं, दुसऱ्याला आपल्याच समुद्राची नाडी पाहायची होती. वर्षभर वर्तमानपत्रांत, चहाच्या दुकानांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच दळण चाललं होतं. आज खुली सुनावणी होती आणि त्यानंतर लगेच समितीचं मतदान.

ताई यानाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. यानाला उन्हाचा चटका आणि अंधारातला गारठा बाधू नये म्हणून चकचकीत, कागदाहून पातळ पदर एकावर एक ठेवून पांघरूण शिवतात, ते तिचं काम. कारखान्यात सगळे त्याला गोधडीच म्हणत आणि तिला ताई. तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबही ताईच म्हणायचे. खाऱ्या तिचा पाठचा भाऊ. समुद्रात पिवळे बोये तरंगत ठेवायचे, पाण्याचं तापमान आणि लाटांची उंची ते किनाऱ्यावर कळवतात की नाही ते पाहायचं, बिघडले की बोटीने जाऊन दुरुस्त करायचे, यात त्याचा जन्म चालला होता. त्याचे शर्ट वाळले तरी मिठाने ताठ राहायचे, म्हणून ताईनेच त्याला हे नाव ठेवलं होतं.

"तुझं यान तिथे पोचेपर्यंत मी म्हातारा होईन," तो म्हणाला.

"आत्ता कुठला तरुण आहेस?"

दोघं हसली. पण उतरताना खाऱ्याने तिचा दंड धरला. "गंमत राहू दे. आज आमचं गेलं तर बोये काढून आणायला लावतील. मग मी करू काय गं?"

"काही नाही होणार," एवढंच ती म्हणाली.

सभागृहात तिच्या बाजूच्या एका प्राध्यापकबाई फार छान बोलल्या. माणसाने फक्त पायापुरतं पाहिलं असतं तर तो अजून गुहेतच असता, असं काहीसं. ताईचा ऊर भरून आला. आपल्या हातचा टाका त्या ग्रहाभोवती फिरणार, या विचाराने तिला अजूनही मोहरून जायला व्हायचं. त्यात खोटं काही नव्हतं. मग खाऱ्या उठला. लिहून आणलेलं त्याला चष्म्याशिवाय वाचता येईना आणि चष्मा घरी राहिलेला. तो म्हणाला, "वादळ येण्याआधी पाणी तापतं. ते कुणीतरी बघायला पाहिजे. बस." आणि खाली बसला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईने मागे वळून असे डोळे वटारले की तो माणूस चपापला.

शेवटी मतदान. बोये काढून घ्यावेत आणि तो पैसा यानाला द्यावा, असा ठराव. सगळे श्वास रोखून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहू लागले. आणि हिरवा दिवा लागला.

आता कारखान्यात एक रीत होती. यानाचा कुठलाही भाग चाचणीला मोठ्या खोलीत बंद करत, आणि तो टिकला की दारावर हिरवा दिवा लागे. दिवा लागला की हातातली सुई खाली ठेवून सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवायच्या. ताईने उभं आयुष्य तेच केलं होतं. तिच्या हातांनी तिला विचारलंच नाही. चिडीचूप सभागृहात तीन टाळ्या खणखणीत वाजल्या, एकटीच्या. मग तिच्या बाजूने जल्लोष उसळला, पण तोवर समोरून खाऱ्याने तिच्याकडे पाहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली.

"अरे, मी मुद्दाम नाही रे वाजवल्या! दिवा लागला आणि हात आपोआप..."

"माहीत आहे गं मला." तो म्हणाला, "पण ताई, ऐकू तर आल्या ना."

त्यानंतर तो तिच्याकडे फिरकला नाही. कारखान्यात पेढ्यांऐवजी मोठा केक कापला गेला, ताईने तो खाल्लाही, आणि तिला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. यान जाणार होतं! पण त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटायची की घरी ती नवऱ्याशीही त्याबद्दल बोलेना. एका रविवारी भावजयीचा फोन आला. "शेवटचे बोये आणायला गेलेत. दुपारी धक्क्यावर येतील. तुम्ही जाल का? माझ्याशी तर ते बोलतच नाहीत."

ताई पोचली तेव्हा खाऱ्या धक्क्यावर उकिडवा बसून बोयावरचे शिंपले खरवडत होता. शेवाळ, चिकट काळे दोर, आणि खाली कुठेतरी पिवळा रंग.

"भंगारातच जायचे ना? मग घासतोस कशाला?"

"दुसऱ्याची वस्तू परत करताना घासून द्यावी," तो मान वर न करता म्हणाला. "उद्यापासून मला गोदामात बसवणार आहेत. जमिनीवर."

ताईने बाही वर सारली, बाजूला पडलेली खरवडणी घेतली आणि बोयाच्या दुसऱ्या अंगाला बसली.

"ताई, वेडी आहेस का? हात बघ तुझे! एक ओरखडा जरी उठला तरी तुला त्या गोधडीला शिवू देणार नाहीत. पदर अडकून फाटतो म्हणून तूच सांगतेस ना?"

"मग नाही शिवू देणार. बसतील थांबून."

"यान निघायचंय त्यांचं."

"थांबतील म्हटलं ना!" ती ओरडली आणि खरवडणी बोयावर जोरात ओढली. "मला नको होत्या रे त्या टाळ्या वाजायला."

दोघं खरवडत राहिली. शिंपल्यांना सुरीची धार होती. बोया पुरता पिवळा दिसायला लागला तेव्हा ताईचे तळवे कापले होते आणि समुद्राच्या पाण्याने चुरचुरत होते. तिने ते मांडीखाली दडवायला पाहिलं.

"हात पुढे कर," खाऱ्या म्हणाला. त्याने पिण्याची बाटली उघडली आणि तिच्या ओंजळीवर गोडं पाणी धरलं, बाटली रिकामी होईपर्यंत.