बॉयलरला माणूस हवा

मी बॉयलर बोलतोय. कपडे धुण्याच्या कारखान्यात मागच्या खोलीत उभा असतो. इस्पितळांच्या चादरी माझ्या वाफेवर धुतल्या, वाळवल्या जातात. लोक मला भितात. खरं सांगू? सध्या मीच भ्यालोय.

मला सांभाळणारे आजोबा निवृत्त झाले. आल्याआल्या ते काचेच्या नळीत माझं पाणी बघायचे, मगच चहा घ्यायचे. त्यांच्या जागेसाठी जाहिरात निघाली. दहा वर्षांचा अनुभव हवा, तोही माझ्याच बनावटीच्या बॉयलरवरचा! अर्ज ढीगभर आले. कॉम्प्युटरनं चाळले आणि सगळे बाद केले.

एक मुलगी मात्र स्वतःच येऊन थडकली. रीतसर शिकलेली, परवाना मिळवलेली.

"अनुभव?" मॅनेजरनी विचारलं.

"कुणी घेतलं तर येईल ना, साहेब! महिनाभर आजोबांना बोलवा, मी त्यांच्याकडून शिकते."

"माझ्या हातात काही नाही गं. वरून आलेला नियम आहे."

ती गेली. तिला हाक मारावी असं फार वाटलं मला.

मग इस्त्रीवाल्या काकांना माझ्यापाशी उभं केलं. "नुसतं लक्ष ठेवायचं," एवढंच त्यांचं शिक्षण. काका अंग चोरून जवळ यायचे. "बाबा रे, सांभाळून घे," म्हणायचे.

गेल्या महिन्यात एका दुपारी माझं पाणी आटलं. पोटातल्या नळ्या कोरड्याच तापू लागल्या. काकांनी घाबरून पाण्याच्या नळाला हात घातला. लालबुंद लोखंडावर गार पाणी! माझ्या चिंधड्या उडाल्या असत्या. काकांच्या, भिंतीपलीकडे घड्या घालणाऱ्या बायकांच्याही. पण नळ घट्ट बसला होता, हलेचना. काकांनी जाळ बंद करायचं बटण दाबलं आणि "पळा, पळा!" ओरडत सुटले.

संध्याकाळी ते मॅनेजरना म्हणाले, "इस्त्री द्या, झाडू द्या, नाहीतर घरी पाठवा. तिथं मी उभा राहणार नाही."

त्यांना घरी पाठवलं. माझ्या नळ्या बदलल्या. नवी जाहिरात निघाली. आता अनुभव बारा वर्षांचा हवाय.

आज घड्या घालणाऱ्या एका ताईंना आणून उभं केलंय.

"काही वेगळं वाटलं तर लगेच मला फोन करा," मॅनेजर म्हणाले.

"वेगळं म्हणजे काय, साहेब?"

मॅनेजर दाराकडे वळले. मग म्हणाले, "कळेल तुम्हाला."

ताई, नाही कळणार! उत्तर मिळेपर्यंत मला पेटवू नका, हात जोडतो. पण माझ्या तोंडून वाफेशिवाय काही निघत नाही.

ताईंनी पदर खोचला आणि बटण दाबलं.