नर्मदाबाईची सोनोग्राफी

धरणगावहून एसटीनं जळगावला जायचं म्हटलं की नर्मदाबाई सकाळपासून पाण्याला शिवत नसे. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून सोनोग्राफीच्या खोलीबाहेर नर्सनं "लघवी लागलीय ना मावशी?" असं विचारल्यावर तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "नई बाई, जराबी नई."

नर्सनं कपाळाला हात लावला. मूत्राशय भरल्याशिवाय गर्भाशय नीट दिसत नाही, तेव्हा पाणी प्या आणि बसा, असं सांगून ती निघून गेली.

नर्मदाबाईचा नवरा भिका तिच्यासोबत आला होता. काही महिने तिच्या अंगावरून फार जात होतं, आणि आता ओटीपोटात हाताला गाठ लागत होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं, धुळ्याच्या अक्काचं, फोनवर एकच पालुपद, "पिसवी काढी टाका, बठ्ठी कटकट मिटी जाई." भिकाला पिशवीची पडली नव्हती. त्याची आई पोटातल्या गाठीनंच गेली होती, कॅन्सरच्या. तो शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हता आणि तोंडातून निघत नव्हता.

दोन घोट घेऊन नर्मदाबाई थांबली. "नई उतरत आते."

"तू एक गिलास, मी एक गिलास," भिका म्हणाला.

मग दोघं पैज लागल्यासारखी पाणी पीत बसली. बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एरवी भिका लाजेनं मेला असता, पण आज त्यानं उलट अजून एक ग्लास भरून आणला.

व्हायचं तेच झालं. नर्मदाबाई निवांत बसलेली, आणि हा बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"जाई या ना," ती हसू दाबत म्हणाली.

"आन् तितलामा तुले बलाई लिधं त?"

तेवढ्यात तिला आत बोलावलं तर, या धास्तीनं तो हलला नाही. शेवटी तिलाही लागली, आणि नाव पुकारल्यावर तो तिच्या मागोमाग आत गेला. डॉक्टर सोनल तिच्या पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवू लागल्या, पडद्यावर काळंपांढरं काहीबाही हलू लागलं. भिकाची चुळबुळ त्यांच्याही लक्षात आली.

"काका, जाऊन या की तुम्ही."

"आधी हिचं सांगा, बाई."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा, गर्भाशयाच्या भिंतीत गाठ आहे. गोल, कडा अगदी स्वच्छ. हिला फायब्रॉइड म्हणतात. पुष्कळ बायकांना असते."

"कॅन्सर?" भिकाच्या तोंडून एकदाचा शब्द निघाला.

"नाही हो. तसं काहीच दिसत नाही. अंगावरून जाणं औषधानं कमी होतं का ते तुम्हाला इथं पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाई आधी बघतील. पिशवी काढायची घाई नको."

भिका हो म्हणायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. चांगलं हमसून, नर्सदेखत. नर्मदाबाईनं पोटावरचं जेल तसंच राहू दिलं आणि हात लांबवून त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत तिनं त्याला कधी हात लावला नव्हता.

"काब्र रडतस?" ती म्हणाली. "मी शे ना आठे."