ज्यानं नेली त्यानंच शिशी आणावी

आमच्या घरच्या औषधाला पैसे नाहीत. वडनेर भोलजीत कोणालाही विचारा. केसरबाईच्या दारातून खोकल्याचा काढा न्या, लेकराची गुटी न्या, पोटदुखीचा अर्क न्या. कोणी खिशात हात घातला तर तो हात मी तिथंच थांबवते. पैसे घेतले की हाताचा गुण जातो, असं माझी सासू सरस्वतीबाई सांगायची, आणि तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. शिशी मात्र ज्यानं नेली त्यानंच बरं झाल्यावर आपल्या पायानं परत आणून द्यायची. दुसऱ्याच्या हाती आलेली शिशी मी घेत नाही. माणूस उंबऱ्यात उभा दिसला की मला कळतं, औषध लागू पडलं. शिशी हरवली तर तिचे दाम द्यावे लागतात. काचेला काही गुण नसतो.

हे आधीच सांगून ठेवते, कारण सुनेशी माझं वाजलं ते ह्याच्यावरूनच.

माझा एकुलता एक शंतनु. नाव मी मोठ्या हौसेनं ठेवलं, गावानं त्याचा शंत्या करून टाकला. त्याची बायको रेवती बुलढाण्याची, बाप कचेरीत कारकून. बापानं लग्नात कपाट दिलं नाही, कंप्युटर दिला. ह्याच्यात लुगड्यांच्या घड्या कशा ठेवायच्या, असं मी मांडवातच विचारलं होतं. चार बाया हसल्या. रेवतीही हसली, ते मला तेव्हा आवडलं नव्हतं.

त्या वर्षी शिवारभर बीटी कपाशीच होती. आधीची दोन-तीन सालं बरी गेली, मग लाल्या आला. पानं कुंकवासारखी लाल झाली आणि बोंडं सुपारीएवढीच राहिली. शंतनुनं मनाशी ठरवूनच मला सांगितलं, की दिवाळी झाली की चाकणला कंपनीत जातो, रेवतीलाही नेतो. मी त्याला राहा म्हटलं नाही. गयावया करणं माझ्या हाडात नाही. फक्त विचारलं, की घराच्या कुलपाची किल्ली मी गळ्यात बांधू का तू नेतोस.

तेव्हा रेवती मधे पडली. कंप्युटरवर एक खेळ असतो, त्यात देशोदेशीची माणसं एकाच वेळी खेळतात, आणि त्यातून घरबसल्या पैसे मिळतात असं तिचं म्हणणं. लग्नाआधी भावासोबत तिनं ते केलं होतं. शंतनुला पटलं नाही, पण तो नाहीही म्हणाला नाही. पुढची कपाशी घरात येईपर्यंत तिच्या कमाईवर चूल पेटती राहिली तर चाकण रद्द, एवढं त्यांचं ठरलं.

मग दुपारची भांडी झाली की ती त्या डब्यासमोर बसू लागली. बाई चित्रं पाहते असं मी शेजारणीला सांगत होते. एकदा मुद्दाम तिच्या मागे जाऊन बसले. आत जंगल होतं. निळी घोंगडी पांघरलेली एक बाई चालत होती आणि ती बाई म्हणजे रेवतीच, असं रेवतीनं सांगितलं. बाई वाकायची, मुळी उपटायची, फुलं खुडायची, झोळीत टाकायची. मग झोपडीत जाऊन कढईत ते उकळायची आणि शिशा भरायची. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला आपल्या घराचं वळण लागलं. मग मी विचारलं की हे जातं कोणाला.

लढाईत जखमी झालेल्यांना, ती म्हणाली. ते पितात आणि त्यांच्या जखमा भरतात. त्या बाजारात शिशी सोन्याच्या मोहरांना विकायची. ज्यांना खेळायची हौस आहे पण मोहरा कमवायला वेळ नाही, अशांसाठी इंदूरचा एक जण त्या मोहरा घेतो आणि बँकेत रुपये टाकतो.

"म्हणजे तू औषध विकून राह्यली," मी म्हणाले.

"आई, ते खरं औषध थोडीच आहे."

"पिणाऱ्याची जखम भरते का नाही?"

"भरते."

"मंग खरंच हाय. माह्या घरात औषधाचे पैसे घ्याचे नाहीत."

तिनं कंप्युटर बंद केला, वरून तिच्या माहेरचं भरतकामाचं कापड टाकलं आणि तांदूळ निवडायला बसली. भांडली असती तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी ते कापड हललं नाही. मग शंतनुनं माळ्यावरून आपल्या गेलेल्या बापाची ट्रंक काढली, झटकली आणि अंगणात उन्हाला ठेवली.

ती ट्रंक बघत मी ओसरीवर बसून होते. माझाच नियम माझ्याच घराला कुलूप लावत होता. सासूला विचारावं तर ती कधीचीच वर जाऊन बसलेली, आणि खाली असती तरी एक पाऊल मागे सरली नसती. मीही सरणार नव्हते. पण बघायला काय हरकत होती?

रेवतीला म्हटलं, तुझं ते जंगल दाखव. तिनं कापड काढून दाखवलं. निळी बाई चालू लागली. वाटेच्या कडेनं गच्च झाडपाला होता, आणि पाहता पाहता माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच शेतांचे धुरे, म्हणजे बांध, आले. मी नवी नवरी होते तेव्हा सासू मला धुऱ्याधुऱ्यानं घेऊन फिरायची. हा तरवड, हा अडुळसा, ही गुळवेल निंबावरचीच घ्यायची. देशी कपाशीच्या ओळींत तूर असायची, अंबाडी असायची, कुठं कुठं चवळीचा वेल. ओटी भरून घरी यायचो तर हाताला दिवसभर कडू वास. आता फवारणीनं धुरे उघडे पडलेत. अडुळशासाठी मला पार नदीपर्यंत जावं लागतं. आणि इथं ह्या डब्यात सगळं हिरवंगार उभं होतं. किती वेळ पाहत बसले कोणास ठाऊक. रेवती बाईला उगाच हिंडवत राहिली, काही खुडलं नाही तिनं.

मग मी विचारलं, "ह्या शिशा परत येतात का?"

"नाही. पिली की शिशी पण नाहीशी होते."

"सगळ्यायच्याच?"

"सगळ्यांच्याच."

"मंग शिशीचे दाम घे. औषधाचे नको घेऊ."

मग हसू दाबत तिनं विचारलं, "पण आई, शिशीचे किती घ्यायचे?"

"काच महाग असते बाई," मी म्हणाले.

एक अट मात्र घातली. जो मरायला टेकलाय आणि ज्याची झोळी रिकामी आहे, त्याला औषधही फुकट आणि शिशीही. तिनं ती पाळली. त्या बाजारात दुकानाला तिनं माझं नाव दिलं. ज्यांना फुकट मिळालं ते पुढं खेळात मोठे झाले की आमच्याच दुकानी यायचे. कोणी मुळ्यांचे भारे आणून टाकायचं, कोणी नुसतंच वाकून जायचं. कोण कुठल्या मुलखाचे, पण वाकायची रीत त्यांना होती. गावात सगळ्यांना असतेच असं नाही.

ट्रंक परत माळ्यावर गेली. चूल पेटती राहिली, पुढची कपाशी बरी आली, त्याच्या पुढचीही. नात झाली, स्नेहलता. ती माझ्या मांडीवर बसून निळ्या बाईला घास भरवायला बघायची. दुपारी आम्ही तिघी जंगलात. माझ्या घराचे सगळ्यात चांगले दिवस तेच.

मग खेळणारे कमी झाले म्हणून खेळवाल्यांनीच तो खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्याच सालात कपाशीत गुलाबी अळी घुसली. वरून बोंड चांगलं, फोडलं की आत किडं. शंतनुनं ट्रंक उतरवली. ह्या वेळी मधे पडायला कोणाजवळ काही नव्हतं.

खेळाच्या शेवटच्या दुपारी रेवतीचं कोठार शिशांनी भरलेलं होतं. इंदूरवाल्याला आता मोहरा नको होत्या. "आई, तुम्ही वाटा," ती म्हणाली आणि तिनं माझा हात त्या माउसवर ठेवला. दुकानासमोर ही मोठी रांग लागली. मी येईल त्याला देत गेले, शिशीचेही दाम नाही. एकेक जण वाकून गेला. मग चित्र गेलं. निळी बाई कुठं गेली, असं स्नेहलतानं विचारलं. मी म्हटलं, चाकणला.

दिवाळीनंतर ती तिघं निघाली. फाट्यावर एसटी यायच्या आधी मी रेवतीच्या पिशवीत काढ्याची शिशी ठेवली. शंतनु म्हणाला, "माय, संपली की कुरिअरनं शिशी पाठवून देतो."

त्याला उत्तर रेवतीनं दिलं. "आई दुसऱ्याच्या हाती आलेली शिशी घेत नाहीत," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं.

दर उन्हाळ्यात शिशी उंबऱ्यात येते. मी ती राखेनं घासते, उन्हात पालथी घालते, आणि ती तिघं निघायची त्या सकाळी काठोकाठ भरून देते.