मलिंगारची आजी

"आधी तो रेडिओ बंद करा," डेलिया म्हणाली. "आणि कुत्र्याला बाहेर काढा. कॅरव्हॅनमधलं कुत्रं भुंकलं की फोनवर कळतंय."

"कुत्रं ते कुत्रं, आई. त्याला कुठं आपली बोली येतीय?" तिचा मुलगा मायली हसला.

"हास तू. लगीन तुझंच होतं ना रे?"

मायलीचं हसू मावळलं. उठून त्यानं कुत्र्याला बाहेर नेऊन बांधलं आणि परत येऊन दारातच उभा राहिला. त्याच्या लग्नाच्या जेवणासाठी गावातल्या एका हॉटेलचा मोठा हॉल ठरवला होता. पाहुणे चर्चमधून निघाले तेव्हा हॉटेलचा माणूस फाटकाशी उभा होता. पाण्याचा पाइप फुटला, म्हणाला. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. नवरी पांढऱ्या झग्यात मासे-बटाट्याच्या दुकानामागे गाड्या लावायच्या जागेत उभी राहून जेवली होती. ती नवरी म्हणजे नोरीन. तीच आता फोन हातात धरून कॅरव्हॅनच्या, त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, छोट्या टेबलाशी ताठ बसली होती.

नोरीनची आई मूळची गाववाली, पक्क्या घरात वाढलेली. त्यामुळे नोरीनला दोन आवाज होते. एक घरचा, दुसरा गाववाल्यांसारखा, तो ती रविवारच्या कोटासारखा गरजेपुरता अंगात घालायची.

"नमस्कार. एक खोली हवी होती, पार्कमधल्या हॉटेलात," ती त्या दुसऱ्या आवाजात म्हणाली. "चौघांसाठी. डेली. हो, नोरीन डेली."

डेली हे तिचं माहेरचं आडनाव. मॉन्गन म्हटलं असतं तर पलीकडच्या बाईला खोल्या भरल्याचं तिथंच आठवलं असतं. मॉन्गन म्हणजे भटके, हे आयर्लंडात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

"पत्ता? मलिंगारचा घ्या," नोरीन म्हणाली आणि त्या गावातल्या आपल्या मावशीचा पत्ता सांगितला.

तिनं फोन ठेवला. आठ वर्षांची रोझॅन बाकावरून उडी मारून आजीच्या गळ्यातच पडली.

"मिळाली? खरंच मिळाली?"

"फोनवर मिळाली," डेलिया म्हणाली. "दारात मिळंल तेव्हा खरी."

हे भांडण रोझॅनच्या पहिल्या कम्युनियनपासून, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या सोहळ्यापासून चाललं होतं. चर्चमध्येच, डोक्यावरचा झिरझिरीत पदर सावरत, तिनं आजीकडे मागणं मागितलं होतं: पाळण्यांच्या पार्कला जायचं आणि पार्कच्याच हॉटेलात राहायचं. मायलीचं म्हणणं, तुओहीच्या शेतात उतरू. तुओही म्हातारा शेतकरी. डेलियाचा नवरा जिम जिवंत होता तेव्हापासून मॉन्गनांची गाडी त्याच्या गोठ्यामागे उभी राहायची. पार्क तिथून हाकेच्या अंतरावर.

"कुणाच्या तोंडाकडं बघायला नको, काय नको," मायली आजही म्हणाला. "बाबा काय म्हणायचे? आपलं दार आपल्यासंगं असतंय. दुसऱ्याचं कशाला वाजवायचं?"

"पण सकाळी नाश्त्याला खारूताई येते ना!" रोझॅन म्हणाली. "वर्गातली आयफा सांगत होती. टेबलापाशी येते, हात करते. हॉटेलात राहिलेल्यांनाच." खारूताई म्हणजे पार्कमधलं, खारीचं सोंग घेतलेलं माणूस.

"तुओहीच्या शेतात खऱ्या खारी हायेत की, चांगल्या लाल शेपटीच्या."

"त्या हात न्हाई करत!"

यावर मायलीलाही हसू आवरलं नाही. डेलिया मात्र नातीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. या वयाची असताना ती बापाबरोबर हॉटेलांच्या मागच्या दाराशी जायची, त्यानं ठोकलेल्या पत्र्याच्या बादल्या विकायला. दार उघडलं की आतली ऊब तोंडावर यायची आणि बंद झालं की जायची. पुढच्या दारानं ती कधीच आत गेली नव्हती. केस पिकल्यावर एका नन बाईंनी तिला अक्षरं शिकवली, तेव्हा तिनं आपलं आपण वाचलेली पहिली पाटी दारूच्या दुकानावरची होती. भटक्यांना आत घेणार नाही, असं लिहिलं होतं. त्या पाटीचा अर्थ तिला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होता.

"पोरगी हॉटेलात राहील," ती म्हणाली. "पण माझ्या पद्धतीनं. कॅरव्हॅन संगं घ्यायची आणि तुओहीकडं उभी करायची. हॉटेलाचं दार तोंडावर लागलंच तर रात्री टेकायला जागा हवी. बोलायचं एकट्या नोरीननं. मायली, तू आणि मी गाडीत, चावी हातात पडंपर्यंत. आणि रोझॅन, कानातल्या त्या मोठ्या रिंगा काढ बघू."

"का गं आजी? छान दिसतात."

"छान दिसतात म्हणूनच."

निघायच्या दिवशी गाडीत तालीम चालली होती. मागच्या सीटवर डेलिया विचारायची, शेजारी बसलेली रोझॅन उत्तर द्यायची.

"तुमचं घर कुठं?"

"मलिंगारला."

"मलिंगारला कोण असतंय?"

"माझी आजी असते. लाल दाराच्या घरात." रोझॅनचा आवाज आईच्या दुसऱ्या आवाजासारखा स्वच्छ, घासलेला यायला लागला होता. "तिच्याकडे मांजर पण आहे."

"मांजर कशाला आणि?"

"गाववाल्या आज्यांकडं असतंय."

डेलियाला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. "नाव काय?"

"मांजराचं का आजीचं?"

"बास करा," नोरीन पुढून म्हणाली. तिनं गाडीत बसल्यापासून हातातली पर्स सोडली नव्हती. "आई, पोरीला काय शिकवतोय आपण?"

"दारातून आत जायला शिकवतोय," डेलिया म्हणाली.

कॅरव्हॅन तुओहीच्या गोठ्यामागे लावली. म्हाताऱ्यानं फाटक उघडून दिलं, जिमची आठवण काढली आणि काही न विचारता आत गेला. मग नुसती गाडी घेऊन ते पार्कच्या हॉटेलापाशी आले. मायलीनं गाडी मुद्दाम लांब, झाडाखाली लावली. नोरीननं आरशात केस नीट केले, रोझॅनचा हात धरला आणि दोघी निघाल्या. नोरीनच्या हातात एकच बॅग होती. जास्त बोचकी दिसली की संशय येतो, हाही डेलियाचाच नियम.

काचेचं दार आपोआप उघडलं आणि दोघींना आत घेऊन बंद झालं.

मायलीनं स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाला, "एवढा वेळ का लागतोय?"

"लागतो तेवढा लागणार."

"पाइप फुटला असंल."

"गप रे."

पण तिलाही बसवेना. दाराच्या काचेतून काउंटरचा कोपरा दिसत होता आणि रोझॅनची पाठ. पोरगी टाचा उंचावून उभी होती. चावी हातात पडेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते इथून दिसणार नव्हतं. या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला आणि तीच दिसणार नाही, असं डेलियाला वाटलं. तिनं डोक्याचा रुमाल सोडून खिशात घातला आणि दार उघडलं.

"आई! तूच म्हणालीस ना..."

"मी बोलणार न्हाई कुणाशी. नुसती बसते."

आत गारवा होता आणि मेणाचा वास. दाराजवळच्या मऊ कोचावर ती बसली, हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसतात तशी. काउंटरवरची मुलगी संगणकात काहीतरी शोधत होती. नोरीननं मान वळवली, सासूला पाहिलं आणि तिचे खांदे वर चढले. रोझॅननंही पाहिलं. पाहिल्यासारखं मात्र केलं नाही. लगेच पुढं बघायला लागली. डेलियाला मनातून कौतुक वाटलं.

"खोली तयार आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि चावी काढून समोर ठेवली. "एवढी एक सही केलीत की झालं."

तेवढ्यात मागच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आला. नीट भांग पाडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याची नजर कोचाकडे गेली. तो तिकडे आला आणि वाकून म्हणाला, "दमलात वाटतं बाई. चहा सांगू का?"

इतक्या सभ्यपणे तिला कुठल्याच हॉटेलात कुणी विचारलं नव्हतं. मान हलवून भागलं असतं. पण चांगलं विचारणाऱ्याला उत्तर न देणं तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं.

"नको बाबा, देव तुझं भलं करो. जरा टेकलेय हितं."

तो हसतच होता. पण हसू तोंडावर राहिलं आणि त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. हे डेलियानं आयुष्यभर पाहिलं होतं. तिला ते लांबून येणाऱ्या मोटारीच्या आवाजासारखं ओळखू यायचं.

"तुम्ही आमच्याकडे उतरला आहात का?" त्यानं विचारलं. आवाज अजून मऊच होता.

"न्हाई."

"कुणासोबत आहात?"

डेलियानं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मॅनेजर सरळ झाला आणि काउंटरकडे वळला. तिथं नोरीन आणि रोझॅनखेरीज कुणीच नव्हतं. सही झाली होती. चावी अजून काउंटरवरच होती, मॅनेजरनं हात लांब केला तर त्याच्या हाताला लागेल अशी.

"मॅडम, या बाई तुमच्यासोबत आहेत का?"

नोरीनचं तोंड उघडलं. तिचा चेहरा लग्नाच्या दिवशी फाटकापाशी झाला होता तसा झाला होता. ती आता हो म्हणणार, डेलियाला दिसलं. मॉन्गन म्हणणार, सगळं म्हणणार आणि चावी तिथंच ठेवून बाहेर येणार.

"नाही," रोझॅन म्हणाली.

स्वच्छ, घासलेला आवाज. मॅनेजरनं खाली पाहिलं.

"आम्ही यांना ओळखत नाही. माझी आजी मलिंगारला असते. लाल दाराच्या घरात." मग किंचित थांबून, "तिच्याकडे मांजर आहे."

"हो का?" मॅनेजर म्हणाला आणि आता तो खरोखर हसला. "काय नाव मांजराचं?"

"डेलिया."

नोरीननं काउंटरची कड घट्ट धरली. मॅनेजरनं स्वतःच्या हातानं चावी उचलून रोझॅनच्या तळहातावर ठेवली. पोरीचा चेहरा कसा झाला ते डेलियाला नीट दिसलं. त्यासाठीच ती आली होती.

ती गुडघ्यावर हात रेटून उठली. "चुकून आले," मॅनेजरला म्हणाली. "दुसरीकडं जायचं होतं मला."

"काही हरकत नाही," तो म्हणाला आणि तिला दारापर्यंत सोडायला आला, अगदी अदबीनं.

मायली गाडीबाहेर उभा होता. "काय झालं?"

"खोली मिळाली."

"मग तोंड असं का झालंय तुझं? कोण काय बोललं?" तो निघालाच होता. डेलियानं त्याची बाही धरली.

"आत गेलास तर पोरीनं केलेलं सगळं मातीत जाईल. मला तुओहीकडं सोड आणि मग तू आत जा. टोपी काढून जा. नवरा म्हटल्यावर काय विचारणार न्हाईत."

"आणि तू?"

"मला आता तिथं तोंड दाखवता यायचं न्हाई. त्यांना माझं तोंड माहीत झालंय."

"रोझॅन काय बोलली का?"

"झकास बोलली," डेलिया म्हणाली. "एक अक्षर चुकली न्हाई."

सकाळी मायली तिला घ्यायला आला. पार्कचं फाटक उघडलं की सगळे मिळून आत जायचं असं ठरलं होतं. गर्दीत कोण कुणाबरोबर आहे ते कुणी बघत नाही. डेलियानं चांगला कोट घातला होता.

"रात्री विचारत होती," वाटेत मायली म्हणाला. "आजी रागावली का म्हणून."

"काय सांगितलंस?"

"न्हाई म्हणालो."

"बरोबर सांगितलंस."

त्यानं गाडी आज नाश्त्याच्या हॉलसमोर लावली. "आणतो दोघींना," म्हणून तो आत गेला. हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काचा होत्या. खिडकीजवळच्या टेबलाशी नोरीन आणि रोझॅन बसल्या होत्या. नोरीनच्या समोरची बशी तशीच होती. आणि टेबलांमधून डुलत, मोठ्या लाल शेपटीनं खुर्च्या सरकवत, खारूताई येत होती.

ती रोझॅनच्या खुर्चीपाशी थांबली. रोझॅननं तिचा केसाळ पंजा दोन्ही हातांनी धरला. हसताना पुढच्या पडलेल्या दाताची खाच दिसली. मग तिची नजर काचेबाहेर गेली आणि गाडीवर थांबली.

तिचा हात वर गेला. खांद्यापर्यंत गेला. त्याच वेळी मॅनेजर कॉफीचं भांडं घेऊन पलीकडच्या टेबलाशी आला, आणि तो हात वळून केसांकडे गेला, क्लिप नीट करायला. क्लिप नीटच होती.

खारूताईनं नेमानं खिडकीकडे तोंड केलं आणि बाहेरच्या सगळ्यांना हात केला. गाड्यांमधली, फाटकाशी ताटकळलेली माणसं, पोरं, सगळी हात करायला लागली.

डेलियानं काच खाली केली. हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि खारूताईला हात केला. खारूताईला कुणीही हात करावा. त्याला ओळख लागत नाही.

खारूताई दुसऱ्या टेबलाकडे वळली. डेलिया हात करतच राहिली.