भाजीच्या दुकानातला क्लिंगॉन फळा

मित्रांनो, भाजीच्या दुकानाबाहेर टांगलेला मी एक जुना, दमलेला फळा. माझे कोपरे झिजलेत, काळा रंग उडालाय, अंगावर खडू धड उमटत नाही. सकाळी भाव लिहून घ्यायचे आणि दुकान बंद होताना पुसून घ्यायचे, यातच माझा जन्म गेला.

मला घडवलं मालकिणीच्या थोरल्या भावानं. मोडक्या कपाटाचं दार तासून दादांनी मला रंग दिला. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. निवृत्त झाल्यावर त्यांना क्लिंगॉनचं वेड लागलं. परग्रहावरचे लढवय्ये बोलतात अशी कल्पना करून माणसांनी रचलेली ही भाषा. ऐकताना वाटावं, कुणी घसा खाकरतंय. तिच्यातले फळं, भाज्या, धान्यं यांचे शब्द दादा शोधून काढत आणि माझ्यावर लिहीत. गिऱ्हाइकं थांबून वाचत, हसत. मीही तेव्हा भाव खात असे!

"कोथिंबीर राहिली की," मालकीण एकदा म्हणाली.

"तिच्यासाठी शब्द सापडला नाही."

"मग बनव एखादा."

"आपल्या मनानं बनवायचा नसतो."

"अरे दादा, अख्खी भाषाच बनवलेली आहे ना?"

दादा त्यावर दोन दिवस रुसले होते.

पण एका गर्दीच्या सकाळी त्या शब्दांमुळे माझ्यावर भाव लिहायला जागाच उरली नाही. गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानाकडे वळली. मालकिणीनं चिडून ओल्या गोणपाटानं मला खसाखसा पुसलं. "पुरे झाला दादाचा पोरखेळ! लोक हसतात त्याला."

दादा मागेच उभे होते. त्यांनी खडू टोपलीच्या काठावर ठेवला आणि निघून गेले.

चार महिने ते आले नाहीत. समोरच्या फुटपाथवरून जात, पण मान वळवत नसत. मी नुसते भाव सांगत लटकलो होतो. मालकीण वजन करता करता मध्येच थांबून रस्त्याकडे बघत राही.

मग एके सकाळी तिनं खडू उचलला. टोमॅटो, भोपळा, केळी, बटाटा, सगळ्यांपुढे तिनं एकच शब्द लिहिला: नाख. म्हणजे फळ किंवा भाजी. तिला तेवढाच येत होता.

दादा समोर थबकले. रस्ता ओलांडून आले.

"बटाटा नाख कसा? तो कंद आहे."

"मला काय ठाऊक? तू होतास कुठे सांगायला?"

दादांनी बोटानं तो शब्द पुसला आणि 'ओक्खकार', म्हणजे कंद, असं लिहिलं. मालकीण ते म्हणायला गेली आणि तिला जोराचा ठसका लागला. दादा चपला काढून घाईघाईनं पाणी आणायला आत गेले.

मित्रांनो, फळा मऊ फडक्यानं पुसावा. आणि कुणी आवडीनं काही लिहिलेलं असेल, तर पुसण्याआधी त्याला एकदा विचारावं. गोणपाटाचे ओरखडे माझ्या अंगावर अजून आहेत. खडू तिथून नेहमी घसरतो.